साडेपस्तीसचा घोळ

आवर्तसारणीत क्लोरीनच्या घरात अणुवस्तुमान लिहिलेलं असतं ३५.५. शाळेत हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसतो, कारण सोडियमचे २३ आणि क्लोरीनचे साडेपस्तीस मिळून मिठाचे साडेअठ्ठावन्न हे गणित परीक्षेत चुकत नाही. पण पस्तीसच्या पुढे हा अर्धा कशाचा, असं विचारणारा क्वचितच भेटतो. हायड्रोजन १, कार्बन १२, नायट्रोजन १४, ऑक्सिजन १६, सगळे कसे शहाण्यासारखे पूर्णांकात, आणि मध्येच हा साडेपस्तीस. अणू म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण ना? मग त्याचा अर्धा भाग आला कुठून?

प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. रसायनशास्त्रातल्या मोठमोठ्या लोकांना त्याने शंभर वर्षं छळलं, आणि तो सुटेपर्यंत अणूचं पोट उघडं पडलेलं होतं. म्हणून अणूची गोष्ट मी या अर्ध्याचं बोट धरूनच सांगणार आहे.

आधी शब्दांचं एक उरकून घेऊ. मराठीत अणू म्हणजे मूलद्रव्याचा कण आणि रेणू म्हणजे अणू जोडून झालेला कण. हिंदीत पहिल्याला परमाणु म्हणतात आणि दुसऱ्याला अणु. हिंदी व्हिडिओ पाहून मराठीत पेपर लिहिणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. परमाणूची कल्पना कणादाने मांडली होती, तिकडे ग्रीसमध्ये डेमोक्रिटसनेही. दोन्ही कल्पना देखण्या आहेत, पण त्यांच्याकडे तराजू नव्हता. आपल्याला इथे पावलोपावली तराजू लागणार आहे.

तो पहिल्यांदा नीट वापरला मँचेस्टरमध्ये शिकवण्या घेऊन गुजराण करणाऱ्या जॉन डाल्टनने. त्याचं म्हणणं आजच्या आकड्यांत सांगतो. १२ ग्रॅम कार्बनपासून कार्बन मोनॉक्साइड करायचा तर १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. तेवढ्याच कार्बनपासून कार्बन डायऑक्साइड करायचा तर ३२ ग्रॅम. बरोबर दुप्पट. १९ ग्रॅम खपवून मधलाच एखादा पदार्थ बनवता येत नाही. पदार्थ जर पाण्याच्या धारेसारखा सलग असता, तर हवं तेवढं प्रमाण घेता आलं असतं. तसं होत नाही, म्हणजे पदार्थ सुट्या नगांत येतो आणि अर्धा नग मिळत नाही. १८०८ साली डाल्टनने हे ग्रंथात मांडलं. एका अणूचं खरं वजन सांगणं त्या काळी अशक्यच होतं, म्हणून त्याने हायड्रोजनला १ धरलं आणि बाकीच्यांची वजनं त्याच्या पटीत लिहिली.

हे आकडे पाहून लंडनमधल्या विल्यम प्राउट नावाच्या डॉक्टरला १८१५ साली एक सुरेख शंका आली. बरीचशी वजनं जर हायड्रोजनच्या पूर्ण पटीत येत असतील, तर सगळे अणू हायड्रोजनपासूनच बनलेले नसतील कशावरून? लेख त्याने निनावी छापला. कल्पना इतकी नेटकी की ती खरी ठरावी असं पुष्कळांना मनापासून वाटत होतं. आणि आडवा आला क्लोरीन. जितकं काळजीपूर्वक मोजावं तितका तो साडेपस्तीसलाच चिकटून बसे. बेल्जियममधला ज्यां स्टास प्राउटच्या बाजूने मनात ओढा ठेवून मोजायला बसला, वर्षानुवर्षं अतिशय बारकाईने मोजत राहिला, आणि शेवटी म्हणाला की हा निव्वळ भ्रम आहे. प्राउट बाद झाला. पण इतक्या मूलद्रव्यांची वजनं पूर्णांकाच्या इतकी जवळ का, हा प्रश्न तसाच उरला.

डाल्टनचा अणू म्हणजे भरीव गोळी. तिला आत काही असतं, हे कळायला रसायनशाळेबाहेरची वाट धरावी लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचेच्या नळीतली हवा उपसायची आणि तिच्या दोन टोकांना जबर दाबाची वीज जोडायची, हा प्रयोगशाळांतला आवडता उद्योग होता. हवा पुरेशी विरळ झाली की ऋण टोकाकडून, म्हणजे कॅथोडकडून, काहीतरी निघायचं आणि समोरची काच हिरवट उजळायची. हे कॅथोड किरण लाट आहेत की कण, यावर जोरदार वाद होता. चुंबक जवळ नेला की ते वळत. म्हणजे विद्युतभार असलेले कण असावेत. पण मग ते विजेच्या दोन पट्ट्यांमधून जातानाही वळायला हवेत, आणि हाइनरिख हर्ट्झने १८८३ साली करून पाहिलं तेव्हा ते वळले नाहीत. हर्ट्झच्या हाताला नावं ठेवायची कुणाची टाप होती?

१८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनने तोच प्रयोग पुन्हा केला. फरक एवढाच, की नळी आणखी नीट रिकामी केली. हर्ट्झच्या नळीत उरलेला वायू किरणांमुळे स्वतःच वीज वाहू लागत होता आणि पट्ट्यांचा परिणाम पुसून टाकत होता. वायू काढल्यावर किरण मुकाट्याने वळले. (श्रेय वाटताना नळ्या फुंकून देणाऱ्या एबेनेझर एव्हरेटला विसरू नये. थॉमसनचे हात नाजूक कामात फारसे चालत नसत.) किरण किती वळतो यावरून कणाचा भार आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर काढता येतं. ते हायड्रोजनच्या आयनापेक्षा सुमारे हजारपट निघालं. आजचा नेमका आकडा १,८३६ आहे.

इथे दोन शक्यता उरतात. एक तर कणावर प्रचंड भार आहे, नाहीतर कण अतिशय हलका आहे. हे किरण धातूच्या पातळ पत्र्यातून आरपार जातात आणि हवेतही अणूंपेक्षा कितीतरी लांब मजल मारतात हे माहीत होतं, म्हणून थॉमसनचा कल दुसरीकडे गेला. दोन वर्षांत त्याने भार वेगळा मोजून ते पक्कंही केलं. पण माझ्या मते खरी मेख पुढेच आहे. कॅथोड ॲल्युमिनियमचा घ्या नाहीतर प्लॅटिनमचा, नळीत हवा भरा नाहीतर हायड्रोजन, गुणोत्तर तेच. वेगवेगळ्या अणूंमधून निघणारा माल एकच! अणू फुटतो, आणि सगळ्या अणूंत एक सामाईक वस्तू आहे, या दोन्ही गोष्टी एकाच आकड्यातून बाहेर आल्या. तिचं आज रूढ असलेलं नाव, इलेक्ट्रॉन, जॉर्ज स्टोनीने १८९१ सालीच विजेच्या एककासाठी सुचवून ठेवलं होतं.

इलेक्ट्रॉन ऋणभारित, अणू मात्र एकंदर भाररहित. म्हणजे आत कुठेतरी तेवढाच धनभार हवा. तो अणूभर सारखा पसरलेला असेल आणि इलेक्ट्रॉन त्यात रुतलेले असतील, असं थॉमसनने धरलं. चित्र अगदीच चुकलं, पण त्या वेळच्या माहितीत ते बसत होतं. चुकलेलं कळलं १९०९ साली, मँचेस्टरमधल्या एका काळोख्या खोलीत.

त्या खोलीत अर्नेस्ट रदरफोर्डचा सहकारी हान्स गायगर आणि जेमतेम वीस वर्षांचा विद्यार्थी अर्नेस्ट मार्सडेन बसलेले असायचे. किरणोत्सारी पदार्थातून अल्फा कण सुटतात. इलेक्ट्रॉनच्या सात हजार पटींहून जड, धनभारित, वेग सेकंदाला पंधरा-वीस हजार किलोमीटर. त्यांचा झोत सोन्याच्या वर्खावर सोडायचा. वर्ख इतका पातळ, की त्याच्या जाडीत जेमतेम हजारेक अणूंची चळत. आरपार गेलेले कण झिंक सल्फाइड लावलेल्या पडद्यावर आपटले की इवलीशी ठिणगी दिसे, तीही सूक्ष्मदर्शकातून. त्यासाठी आधी अर्धा तास अंधारात बसून डोळे निवळू द्यायचे, मग भिंगाला डोळा लावून ठिणग्या मोजायच्या. डोळे लवकर थकतात, मग आळीपाळीने बसायचं. हजारो ठिणग्या अशा मोजल्या गेल्या. रदरफोर्डकडे या कामाचा धीर नव्हता, त्याने ते खुशाल गायगरवर सोपवलं होतं.

बहुतेक कण सरळ जात, काही अंशभर वळत. तसं ते अपेक्षितच होतं. रदरफोर्डने मार्सडेनला सुचवलं की एखादा कण मागेही फिरतो का ते बघ. म्हणजे पडदा वर्खाच्या मागे न ठेवता पुढच्या बाजूला, झोत येतो तिकडेच ठेवायचा. काही दिसेल असं कुणालाच वाटत नव्हतं. ठिणग्या दिसल्या. प्लॅटिनमवर मोजणी केली तर आठेक हजारांत एक कण उलटा येत होता. तोफेचा गोळा पातळ कागदावर मारावा आणि तो उलटून आपल्यावरच यावा, तसं वाटलं, अशी आठवण रदरफोर्ड पुढे सांगत असे.

तोफगोळ्याची उपमा सगळे सांगतात आणि त्यामागचा विचार गाळतात. थॉमसनच्या अणूतून जाताना अल्फा कणाला छोटे छोटे धक्के बसतील, पण ते कधी डावीकडून, कधी उजवीकडून. हजार अणूंतून जाताना ते एकमेकांना मारतात. सगळे योगायोगाने एकाच बाजूने बसून कण उलटा फिरेल, याची शक्यता जवळजवळ शून्य आहे. आठ हजारांत एक ही संख्या तिच्यापुढे अवाढव्य ठरते. म्हणजे कण एकाच टकरीत फिरला. एका टकरीत एवढ्या जड आणि वेगवान कणाला परतवायचं, तर अणूतला सगळा धनभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान एका चिमुकल्या जागी कोंबलेलं हवं. किती चिमुकल्या, तेही याच हिशेबातून निघतं. समोरासमोर येणारा अल्फा कण त्या धनभाराच्या रेट्याने मंदावत जातो, क्षणभर थांबतो आणि मागे फिरतो. त्याची ऊर्जा माहीत असेल तर तो किती जवळ पोचला हे काढता येतं, आणि केंद्रातली वस्तू त्याहून मोठी असूच शकत नाही. सोन्यासाठी हे अंतर अणूच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाइतकं येतं.

१९११ साली रदरफोर्डने हे प्रसिद्ध केलं. त्या वस्तूला मराठीत आपण अणुकेंद्रक म्हणतो. सोन्याचं अणुकेंद्रक टाचणीच्या डोक्याएवढं धरलं तर अणूचा पसारा तीस-चाळीस मीटर होतो, आणि मधल्या सगळ्या जागेत फक्त एकोणऐंशी इलेक्ट्रॉन.

पण या अणूला जिवंत राहायचा अधिकारच नव्हता. केंद्रकाभोवती गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनने, तेव्हाच्या पक्क्या नियमांप्रमाणे, सतत प्रकाश बाहेर टाकायला हवा, त्यापायी ऊर्जा घालवायला हवी आणि सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळायला हवं. आपण अजून आहोत, म्हणजे काहीतरी चुकतंय.

धागा सापडला तो स्वित्झर्लंडमधल्या एका शाळामास्तराच्या आकडेमोडीत. तापलेल्या हायड्रोजनचा प्रकाश लोलकातून पाहिला तर सलग इंद्रधनुष्य दिसत नाही, सुट्या रेषा दिसतात. साठीला आलेल्या योहान बामरने १८८५ साली त्यांच्यासाठी एक सूत्र शोधलं. ३ चा वर्ग ९, त्याला ९ उणे ४ म्हणजे ५ ने भागा आणि ३६४.५ ने गुणा: ६५६ नॅनोमीटर, लाल रेष. ४ चा वर्ग १६, भागिले १२, गुणिले तेच ३६४.५: ४८६, निळसर रेष. ५ घ्या, ४३४ येतात. ६ घ्या, ४१० येतात. चारही रेषा जागच्या जागी! का, हे बामरला ठाऊक नव्हतं. १९१३ साली नील्स बोरने ते सूत्र पाहिलं आणि त्याला उलगडा झाला. इलेक्ट्रॉनला कुठेही फिरायची मुभा नाही, ठरावीक ऊर्जेच्या पातळ्यांवरच तो राहू शकतो. वरच्या पातळीवरून खाली उडी मारताना ऊर्जेतला फरक प्रकाश होऊन बाहेर पडतो. सूत्रातला तो ४ म्हणजे २ चा वर्ग: या सगळ्या उड्या दुसऱ्या पातळीवर येऊन थांबतात. आणि सर्वांत खालच्या पातळीच्या खाली पायरीच नाही, म्हणून अणू कोसळत नाही.

बोरचं चित्र हायड्रोजनपुरतं चाललं, हेलियमलाच अडखळलं. १९२६ पर्यंत श्रोडिंगर आणि इतरांनी कक्षा ही कल्पनाच मोडीत काढली. इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो, तो कुठे सापडण्याची शक्यता किती एवढंच सांगता येतं. अणूचं बोधचिन्ह म्हणून सर्रास काढतात ते सूर्यमालेसारखं चित्र त्यामुळे शंभर वर्षं जुनं आणि चुकीचं आहे. जाता जाता एक गंमत: इलेक्ट्रॉन कण आहे हे थॉमसनने दाखवलं, तो लाटेसारखा वागतो हे १९२७ साली त्याच्या मुलाने. नोबेल दोघांनाही मिळालं.

आता पुन्हा आवर्तसारणीकडे. तोवर मूलद्रव्यांची रांग वजनावर लावलेली होती आणि ती अधूनमधून फसायची. निकेलचं वजन ५८.६९, कोबाल्टचं ५८.९३. वजनाने निकेल आधी यायला हवं, गुणधर्म म्हणतात कोबाल्ट आधी. रसायनशास्त्रज्ञ गुपचूप अदलाबदल करून मोकळे होत. १९१३ साली हेन्री मोसलीने या चोरट्या दुरुस्तीला आधार मिळवून दिला. निर्वात नळीत एका चिमुकल्या गाडीवर निरनिराळ्या मूलद्रव्यांचे तुकडे ठेवायचे, रेशमी दोऱ्याने गाडी ओढून एकेक तुकडा इलेक्ट्रॉनच्या माऱ्याखाली आणायचा आणि निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता मोजायची. वारंवारतेचं वर्गमूळ घेतलं तर एका मूलद्रव्याकडून पुढच्याकडे जाताना ते दर वेळी सारख्याच पायरीने वाढत होतं. कोबाल्ट २७ व्या पायरीवर, निकेल २८ व्या, वजन काहीही म्हणो. ही पायरी म्हणजे केंद्रकातल्या धनभाराची संख्या, आपला अणुअंक. जिन्यात गळलेल्या पायऱ्याही दिसल्या: ४३, ६१, ७५. पुढे त्या सगळ्या भरल्या. मोसली ते पाहायला नव्हता. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत तो मारला गेला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी.

क्लोरीनची पायरी सतरावी. म्हणजे क्लोरीनची ओळख १७ या संख्येत आहे, साडेपस्तीसमध्ये नाही. हे एकदा कळलं की अर्ध्याचा घोळ सुटायला फार वेळ लागत नाही. ओळख जर भारावर ठरते, तर एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू का असू नयेत? किरणोत्सारी पदार्थांत तसे अणू फ्रेडरिक सॉडीला दिसतच होते. सारणीत एकाच जागी बसणारे, म्हणून त्यांना ग्रीक शब्दांवरून नाव सुचवलं मार्गारेट टॉड या डॉक्टरबाईंनी. मराठीतलं समस्थानिक हा त्याचा चपखल उतारा. थॉमसनकडेच काम केलेल्या फ्रान्सिस ॲस्टनने १९१९ साली त्यासाठी यंत्र उभारलं. तत्त्व ओळखीचंच: भारित अणू वीज आणि चुंबकाने वळवायचे. हलका जास्त वळेल, जड कमी. क्लोरीन सोडल्यावर फोटोच्या काचेवर एक रेघ ३५ पाशी उमटली, दुसरी ३७ पाशी. साडेपस्तीस वजनाचा एकही अणू तिथे नव्हता. स्टासने आयुष्यभर इतक्या निष्ठेने मोजली ती निव्वळ सरासरी होती.

म्हणजे प्राउट फारसा चुकला नव्हता. रदरफोर्डने १९१९ साली नायट्रोजनवर अल्फा कण मारून त्यातून हायड्रोजनची केंद्रकं बाहेर पडताना दाखवली आणि पुढच्या वर्षी त्या कणाला प्रोटॉन हे नाव दिलं. पण १७ प्रोटॉनचं वजन १७ भरतं, मग उरलेले १८ किंवा २० कशाचे? भाररहित कण असावा असं रदरफोर्डने सुचवून ठेवलं होतं. तो पकडायला बारा वर्षं गेली, कारण भार नसलेली गोष्ट ना चुंबकाला वळते ना विजेला. बेरिलियमवर अल्फा कण मारल्यावर निघणारा एक रहस्यमय किरण मेणातून प्रोटॉन उडवतो, हे पॅरिसमध्ये दिसलं होतं आणि तो गॅमा किरण असावा असं मानलं गेलं. १९३२ साली जेम्स चॅडविकने टकरींचा हिशेब मांडला. गॅमा धरला, तर हायड्रोजनला तेवढं उडवायला एक ऊर्जा लागते आणि नायट्रोजनला उडवायला त्याहून कितीतरी वेगळी. एकाच किरणाच्या दोन ऊर्जा कशा असतील? प्रोटॉनएवढ्या वजनाचा, भार नसलेला कण धरला की दोन्ही हिशेब एका झटक्यात जुळतात. तो न्यूट्रॉन. क्लोरीन-३५ मध्ये असे १८ असतात, क्लोरीन-३७ मध्ये २०. इलेक्ट्रॉन मात्र दोघांतही सतराच, २, ८, ७ असे कवचांत मांडलेले. रासायनिक व्यवहार बाहेरचे सात इलेक्ट्रॉन करतात, म्हणून मिठात दोन्ही क्लोरीन बेमालूम मिसळलेले असतात आणि शंभर वर्षं कुणाला संशय आला नाही.

आता कागद घेऊन पडताळा पाहा. निसर्गात क्लोरीन-३५ चं प्रमाण ७५.८ टक्के आहे, ३७ चं २४.२ टक्के. सरासरी काढली तर ३५.४८ येते. साडेपस्तीस हा शाळेचा सोयीचा आकडा, बारकाईने मोजलेलं अणुवस्तुमान आहे ३५.४५. तीन शतांश कमी. ही काही मोजणीतली चूक नाही. कार्बन-१२ नेमका १२ धरून मोजलं तर क्लोरीनचे दोन अणू भरतात ३४.९७ आणि ३६.९७, म्हणजे दोघेही नावाला किंचित कमीच. ॲस्टनला हाच प्रकार मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला दिसला. हायड्रोजनचा एक अणू १.००८ भरतो, चार मिळून ४.०३२. तेवढ्याच कणांचा हेलियम मात्र ४.००३. एकत्र बांधले जाताना सातदशांश टक्के वस्तुमान नाहीसं होतं आणि ऊर्जा होऊन बाहेर पडतं. १९२० साली कार्डिफमधल्या एका भाषणात आर्थर एडिंग्टनने ॲस्टनचे हे आकडे उचलले आणि सुचवलं की सूर्य यावरच जळत असावा. सूर्याच्या पोटात आजही हायड्रोजनचा हेलियम होतो आहे, आणि तो फरक सेकंदाला सुमारे ४२ लाख टन भरतो.